द्रव हायड्रोजन ठेवावा कशात?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन एका लहानशा एक-एंजिनी विमानातून कराचीहून निघाले आणि वाटेत अहमदाबादेस उतरून दुपारी जुहूला पोचले. अहमदाबादेस त्यांच्या विमानासाठी बर्मा-शेल कंपनीचे पेट्रोल आले ते बैलगाडीतून, चार-चार गॅलनांच्या डब्यांत भरून. या हकीगतीचे आपल्याला कौतुक वाटते ते बैलगाडीचे. परंतु आज मला लक्ष वेधावयाचे आहे ते त्या डब्यांकडे. साध्या पत्र्याचा डबा, वर एक झाकण. एवढ्यावर विमानविद्येचे काम भागत होते. पेट्रोल काय किंवा रॉकेल काय, ही मोठी सोशिक द्रव्ये आहेत. ज्या भांड्यात घालाल त्या भांड्यात ती मुकाट्याने राहतात.

पुढे १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत आपल्या माहुलच्या मिठागरांशेजारी दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले; पहिला स्टॅनव्हॅक कंपनीचा, दुसरा बर्मा-शेलचा. आज ते अनुक्रमे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या नावांनी चालतात. सांताक्रूझ-अंधेरीच्या विमानतळावरून उडणाऱ्या विमानांचे इंधन याच बाजूने जमिनीखालच्या नळांतून जाते. हे इंधन म्हणजे शुद्ध केलेले रॉकेलच. त्यात कार्बन आहे. म्हणून ते जळले की कार्बन डायऑक्साइड होणार आणि हवामान तापणार. हे टाळावयाचे तर विमानात कार्बन नसलेले इंधन जाळले पाहिजे, असा विचार जगभर चालू आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांत ज्याला उज्ज वायू म्हणत तो हायड्रोजन हे असे इंधन होय. तो जळला की पाणी होते. जळण्याच्या प्रखर उष्णतेने हवेतील नायट्रोजनची ऑक्साइडे थोडीबहुत तयार होतात आणि आकाशात वाफेचे पट्टेही उमटतात, हे खरे. पण कार्बनचा धूर नाही.

तर मग अडले कोठे? अडले ते भांड्यापाशी. हायड्रोजन कशात ठेवावा, आणि ते भांडे वर्षानुवर्षे टिकावे कसे, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

वजनाला हलका, जागेला जड

आधी थोडा हिशेब करू. एक किलो रॉकेल जाळले तर सुमारे ४३ मेगाज्यूल उष्णता मिळते. एक किलो हायड्रोजनपासून १२०. म्हणजे जेथे १० टन रॉकेल लागते तेथे सुमारे ३.६ टन हायड्रोजन पुरतो. विमानाला याहून मोठी देणगी कोणती? परंतु हायड्रोजन हा सर्वांत हलका वायू. तो साध्या दाबाखाली न्यावयाचा म्हटले तर फुगाच न्यावा लागेल. दाबून भरावा तर जाड भिंतींची नळकांडी लागतात आणि त्यांचे वजन आतल्या वायूच्या अनेक पट होते. उरला एकच मार्ग, तो म्हणजे त्याला थंड करून द्रवरूप करणे.

हे प्रथम साधले लंडनमध्ये, सर जेम्स ड्यूअर यांना, १८९८ साली. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसला उकळतो; निरपेक्ष शून्यापासून केवळ २० अंश वर. एवढ्या थंडीत हवाही वायुरूपात राहत नाही, तिचा दगड होतो. आणि इतके करूनही हा द्रव कमालीचा विरळ असतो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, तर एक लिटर द्रव हायड्रोजनचे ७१ ग्रॅम. आपल्या १० टन रॉकेलला साडेबारा हजार लिटरांची टाकी पुरे होती, ३.६ टन द्रव हायड्रोजनला ५० हजार लिटरांची, म्हणजे चौपट मोठी टाकी लागेल. रॉकेल विमानाच्या पंखांत मावते. हायड्रोजनला पंखांत जागा नाही. त्याची टाकी विमानाच्या पोटातच, गोल किंवा नळकांड्याच्या आकाराची करावी लागते.

थर्मासचे कूळ

ज्या ड्यूअर साहेबांनी हायड्रोजनचा द्रव केला त्यांनीच त्यापूर्वी काही वर्षे दुहेरी भिंतीचे निर्वात भांडे तयार केले होते. आपल्या घरातील चहाचा थर्मास तो हाच. दोन भिंतींमधली हवा काढून घेतली की उष्णतेला पलीकडे जाण्यास वाहन उरत नाही. चकचकीत मुलाम्यामुळे किरणांनी येणारी उष्णताही परत फिरते.

येथे कोणी शंका घेईल की, मग मोठा थर्मास करावा आणि हायड्रोजन भरावा. त्यात अवघड ते काय? अवघड हे की, चहा थोडा निवला तरी तो चहाच राहतो, पण हायड्रोजनला थोडी ऊब लागली की तो उडून जातो. एक लिटर पाणी उकळत्या स्थितीतून वाफेत घालवावयास २,२५७ किलोज्यूल उष्णता खर्च होते. एक लिटर द्रव हायड्रोजनला ३२ किलोज्यूल पुरतात. सत्तरावा हिस्सा! टाकीत बाहेरून १०० वॉटची, म्हणजे एका जुन्या विजेच्या दिव्याएवढी उष्णता झिरपत राहिली तर दिवसाकाठी १९ किलो हायड्रोजन वाफ होऊन जातो.

त्याच्या अंगी आणखी एक खोड आहे. हायड्रोजनच्या रेणूत दोन अणू, आणि प्रत्येकाचा गर्भ स्वतःभोवती भिंगरीसारखा फिरतो असे समजा. काही रेणूंत दोन्ही भिंगऱ्या एका दिशेने फिरतात, काहींत उलटसुलट. साध्या हवामानात पहिल्या जातीचे तीन भाग तर दुसऱ्या जातीचा एक. थंडीत मात्र जवळजवळ सगळे दुसऱ्या जातीचे व्हावयाचे असतात. पण हा पालट आपोआप फार सावकाश होतो आणि होताना उष्णता बाहेर पडते. ही उष्णता किलोमागे ५२७ किलोज्यूल असते, आणि किलोभर द्रवाची वाफ करावयास तर ४४६ च लागतात! म्हणजे घाईने द्रव केलेला हायड्रोजन अगदी निर्दोष भांड्यात ठेवला तरी आपल्याच आतल्या उष्णतेने उकळत राहील. म्हणून द्रव करतानाच आयर्न ऑक्साइडसारख्या उत्प्रेरकावरून नेऊन हा पालट आधी उरकून घेतात. घर बांधण्याआधी पाया खचू द्यावा, तसेच हे.

कोणता धातू चिवट राहतो

आता भिंतीकडे वळू. पहिला विचार लोखंडाचा येतो. परंतु साधे पोलाद थंडीत ठिसूळ होते. उन्हाळ्यात वाकणारी सळई उणे २५३ अंशांत काचेसारखी फुटेल. याचे कारण धातूच्या अंतरंगात आहे. धातूचे अणू ठरावीक मांडणीने बसलेले असतात, आणि धातू वाकतो तेव्हा अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. लोखंडाच्या मांडणीत थर सरकण्यास उष्णतेची मदत लागते. ती मिळाली नाही तर ताण साचतो आणि तडा जातो. ॲल्युमिनियम, तांबे आणि निकेल यांची मांडणी निराळी आहे. ते कडाक्याच्या थंडीतही चिवट राहतात, किंबहुना अधिक बळकट होतात. पुरेसे निकेल घातलेले स्टेनलेस पोलाद याच कुळात येते.

म्हणून जमिनीवरच्या टाक्या स्टेनलेस पोलादाच्या, आणि अग्निबाणाच्या टाक्या बहुधा ॲल्युमिनियमच्या. जमिनीवर वजनाची पर्वा नाही. अमेरिकेत केनेडी अंतराळ केंद्रावर १९६० नंतरच्या दशकात बांधलेल्या बत्तीस लाख लिटरांच्या गोल टाक्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ सेवा केली. त्यांच्या दोन भिंतींमध्ये परलाइट नावाच्या खनिजाची लाहीसारखी फुललेली भुकटी भरलेली आहे.

विमानाला मात्र प्रत्येक किलो मोजावा लागतो. तेथे ॲल्युमिनियममध्ये सुमारे सहा टक्के तांबे घालून केलेला २२१९ क्रमांकाचा मिश्रधातू पुढे येतो. त्याचा मुख्य गुण असा की त्याची जोडणी, वेल्डिंग, चांगली होते. टाकी शेवटी सांध्यापाशीच फुटते, हे आपल्या गल्लीतला पत्र्याची कामे करणारा कारागीरही सांगेल. याहून हलका मिश्रधातू लिथियम घालून करतात. अमेरिकेच्या अंतराळयानाची मोठी टाकी १९९८ पासून त्याची झाली आणि तिचे वजन सुमारे ३,४०० किलोंनी उतरले.

येथे हायड्रोजनचा आणखी एक दोष सांगितला पाहिजे. त्याचे अणू इतके लहान की ते पोलादात शिरून त्याला पोखरतात आणि ठिसूळ करतात. पण गंमत अशी की, खुद्द द्रव हायड्रोजनच्या थंडीत हे अणू गारठल्यासारखे जागच्या जागी राहतात. शिरकाव करण्याइतकी हालचाल त्यांना करता येत नाही. धोका असतो तो टाकीपासून एंजिनाकडे जाणाऱ्या, हळूहळू उबदार होत जाणाऱ्या नळ्यांत आणि झडपांत. तेथे धातूची निवड अधिक जपून करावी लागते.

धाव आणि चाक

आपल्यापैकी ज्यांनी खेड्यात बैलगाडीच्या चाकाला धाव बसविताना पाहिली असेल त्यांना पुढची अडचण पटकन समजेल. लोखंडी धाव तापवून फुगवितात, लाकडी चाकावर चढवितात आणि पाणी ओततात. धाव आकसते आणि चाकाला करकचून आवळते. धातू आकसतो तेव्हा त्याची ताकद अशी जबरदस्त असते. द्रव हायड्रोजन भरला की दहा मीटर लांबीची ॲल्युमिनियमची टाकी सुमारे चार सेंटिमीटर आकसते, पोलादाची तीन. बाहेरची भिंत मात्र बाहेरच्या हवेत असल्याने होती तेवढीच राहते. दोहोंना जोडणारे आधार घट्ट बसविले तर काहीतरी तुटणार. सैल ठेवले तर विमानाच्या हिसक्यांत टाकी हेलकावे खाणार. शिवाय आधार धातूचा केला तर त्यातूनच उष्णता आत येणार. म्हणून काचतंतूंचे, उष्णता न वाहणारे आधार, आणि भात्यासारख्या घड्या घातलेल्या नळ्या वापरतात.

यावर तोडगा म्हणून कार्बनच्या तंतूंची टाकी करावी असे पुष्कळांनी मनात आणले. कार्बनचे तंतू हलके, बळकट आणि थंडीत जवळजवळ न आकसणारे. परंतु त्यांना चिकटवून ठेवणारी राळ पुष्कळ आकसते. म्हणजे धाव आणि चाक दोन्ही एकाच कापडात विणलेली! राळेत केसाहून बारीक भेगा पडतात आणि हायड्रोजनला तेवढी वाट पुरते. १९९९ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या एक्स-३३ या यानाची अशी टाकी जमिनीवरच्या चाचणीत निकामी झाली. भिंतीच्या आतील मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्यांत वायू शिरला. टाकी रिकामी होऊन उबदार होऊ लागताच तो फुगला आणि त्याने भिंतीचा पापुद्रा सोलून काढला. २००१ साली ती सारी योजनाच सोडून देण्यात आली. तरी प्रयत्न थांबले नाहीत. अधिक पातळ थर वापरून केलेल्या साडेपाच मीटर व्यासाच्या टाकीची चाचणी नासाने २०१४ साली यशस्वी केली. पण एक चाचणी निराळी आणि नित्याचा वापर निराळा.

आपल्याकडचे दोन धडे

द्रव हायड्रोजन हाताळण्याचे ज्ञान भारताला आहे, आणि ते कष्टाने मिळविलेले आहे. इस्रोच्या जीएसएलव्ही अग्निबाणाचा वरचा टप्पा द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन यांवर चालतो. स्वदेशी टप्प्याचा पहिला प्रयत्न १५ एप्रिल २०१० रोजी फसला आणि ५ जानेवारी २०१४ रोजी यश आले. या कामाला आपल्या उपनगरांचाही हातभार आहे. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात इस्रोच्या अशा एंजिनांचे भाग घडतात.

या इतिहासातील दोन प्रसंग आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहेत. १९ ऑगस्ट २०१३ रोजी उड्डाणाला सव्वा तासाहूनही कमी वेळ उरला असताना दुसऱ्या टप्प्याची टाकी गळू लागली आणि उड्डाण थांबवावे लागले. ही टाकी हायड्रोजनची नव्हती, साध्या तापमानाच्या इंधनाची होती. तिचा मिश्रधातू ताण आणि गंज यांच्या संगनमताने कालांतराने तडकणारा होता. त्याऐवजी वर सांगितलेल्या २२१९ मिश्रधातूची टाकी घातली, आणि तोच अग्निबाण पुढच्या जानेवारीत यशस्वी झाला. धडा असा की, पदार्थ आज बळकट आहे एवढे पुरत नाही. तो ताणाखाली किती वर्षे बळकट राहील हे पाहिले पाहिजे.

दुसरा प्रसंग १२ ऑगस्ट २०२१ चा. त्या दिवशी वरच्या टप्प्याचे एंजिन पेटलेच नाही आणि उपग्रह गमवावा लागला. चौकशीत दिसून आले की हायड्रोजनच्या टाकीतील दाब कमी पडला होता, कारण जादा दाब सोडणारी झडप गळत होती. आणि झडप गळण्याचे सर्वांत संभवनीय कारण तिच्यातील मऊ सीलला झालेली इजा हे होते. टाकी शाबूत, एंजिन शाबूत, आणि एका लहानशा मऊ कड्याने घात केला. घरच्या नळाचे वाशर झिजले तर पाणी ठिबकते. येथे त्या ठिबकण्याची किंमत एक उपग्रह झाली. उणे २५३ अंशांत मऊ राहील असा पदार्थ मिळणे किती दुर्मिळ, हे यावरून ध्यानी येईल.

दहा मिनिटे आणि वीस वर्षे

आता मुख्य मुद्द्याशी आलो. अग्निबाणाची टाकी एकदा भरतात, दहाबारा मिनिटांत रिकामी होते आणि तिचे आयुष्य संपते. विमानाची टाकी रोज भरावयाची. दिवसाला चार उड्डाणे धरली तर वीस वर्षांत २९ हजारांवर. प्रत्येक वेळी दाब चढणार आणि उतरणार. प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी टाकी उबदार होऊन पुन्हा गारठणार. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पुनःपुन्हा वाकवली तर तुटते. धातूलाही शीण येतो. वेष्टनाचेही तेच. अग्निबाणावर हलक्या फेसाचे वेष्टन पुरते, पण ते तडकते व गळून पडते. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यानाबरोबर कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले, ते उड्डाणाच्या वेळी टाकीवरून सुटलेल्या फेसाच्या तुकड्याने पंखाला भोक पाडले म्हणून. निर्वात भिंत अधिक चांगली, पण जड. आणि तिला बारीक छिद्र पडून निर्वात गेला तर आतला सारा द्रव झपाट्याने उकळू लागतो.

म्हणूनच प्रयोग झाले, पण वहिवाट पडली नाही. सोव्हिएत रशियात १५ एप्रिल १९८८ रोजी तुपोलेव्ह १५५ हे विमान एका एंजिनात द्रव हायड्रोजन जाळून उडाले. सप्टेंबर २०२३ मध्ये स्लोव्हेनियातील मारिबोर येथून जर्मनीच्या एचटूफ्लाय कंपनीचे छोटे विमान द्रव हायड्रोजनवर विजेची मोटर चालवून तीन तासांहून अधिक उडाले. एअरबस कंपनीने २०२० साली, २०३५ पर्यंत हायड्रोजनचे प्रवासी विमान आणू असे जाहीर केले. २०२५ साली तो मुहूर्त पुढे ढकलला. यात लाजिरवाणे काही नाही. टिकाऊपणाची परीक्षा घाईने घेता येत नाही.

माहुलकरांचा प्रश्न

हा विषय माहुलकरांना परका नाही. हायड्रोजन येथे पूर्वीपासून आहे. इंधनातील गंधक काढण्यासाठी आणि जड तेले फोडण्यासाठी तो कारखान्यांतच तयार करून वापरतात. ८ ऑगस्ट २०१८ रोजी भारत पेट्रोलियमच्या कारखान्यात, ज्या विभागात हायड्रोजनच्या साहाय्याने तेल फोडतात तेथे, स्फोट होऊन आग लागली आणि अनेक कामगार जखमी झाले. येथील हवेबद्दलची तक्रार माहुल आणि आंबापाड्याच्या रहिवाशांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेली, आणि आरोग्याला धोका असल्याचे न्यायाधिकरणाने २०१५ साली मान्य केले. अशा ठिकाणी उद्या विमानांसाठी द्रव हायड्रोजनच्या टाक्या उभ्या राहू लागल्या, तर येथल्या माणसाने भिऊन दार लावू नये आणि नव्या शब्दांना भुलूनही जाऊ नये. त्याने नेमके प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, हा हायड्रोजन कशापासून केला? नैसर्गिक वायूपासून केला तर एका किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड येथेच, आपल्या डोक्यावर सुटणार. मग विमान स्वच्छ आणि माहुल काळे, असा न्याय होईल. तो सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेने पाणी फोडून केला पाहिजे. त्याला किलोमागे पन्नासएक युनिट वीज लागते आणि द्रव करावयास आणखी दहा-बारा. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पाणी फोडण्याचे यंत्र विकसित केले आहे आणि ते मोठ्या प्रमाणावर बनविण्यासाठी २०२१ साली भारत पेट्रोलियमने त्या केंद्राशी सहकार्य जाहीर केले, ही चांगली गोष्ट आहे.

दुसरा प्रश्न, टाकी आणि तिची झडप कोणत्या पदार्थाची, आणि ती किती वेळा भरून रिती करून पाहिली? तिसरा, उडणारी वाफ कोठे सोडणार? हायड्रोजन उघड्यावर झपाट्याने वर जातो, हा त्याचा मोठा गुण. पण छपराखाली साचला तर हवेत चार टक्के होताच पेट घेऊ शकतो, आणि त्याची ज्योत दिवसा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही.

या तीन प्रश्नांची उत्तरे आकड्यांनिशी आणि मराठीत मिळाली पाहिजेत. ती देणे कारखान्याचे काम आहे, तशी ती मागणे आपले. अहमदाबादच्या बैलगाडीवरचा डबा कोणीही उघडून पाहू शकत होता. नव्या भांड्याला डोळ्यांनी पाहून पारखता येणार नाही. त्याची पारख करावयास लागणारे ज्ञान मात्र शाळा-कॉलेजांतून आणि अशा व्याख्यानांतून सर्वांपर्यंत पोचविता येते. ज्यांच्या दारात ते भांडे ठेवावयाचे, त्यांच्यापर्यंत तर ते सर्वांत आधी पोचले पाहिजे.